नाकडोळे नसलेल्या राण्या : तुमच्याकडचं सर्वांत झिजलेलं चांदीचं नाणं कोणतं?

पाटावरवंटा (रविवार, रात्री ९:१४)

नाणी जमवणाऱ्यांच्या हिशेबात या धाग्यावर येणारा सगळा माल मोडीतला, हे आधीच सांगून ठेवतो. करकरीत, कोरी नाणी बघायची असतील तर तसे धागे पुष्कळ आहेत. इथे फक्त घासलेली, सपाट झालेली, नावगाव पुसलेली चांदी.

आजीच्या पितळी डब्यातून माझ्याकडे थोडे राणीछाप रुपये आले. बरेचसे बऱ्या अवस्थेत आहेत. मुकुट दिसतो, झग्यावरची वेलबुट्टी दिसते, 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' वाचता येतं, साल लागतं. ते दिवाळीला बाहेर निघतात आणि परत आत जातात. माझ्या टेबलाच्या खणात कायम असतो तो एकच, आणि त्याच्यावर आता बघण्यासारखं जवळजवळ काही नाही. राणीची बाह्यरेषा उरली आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ. डोळा नाही, कान नाही, मुकुटाच्या जागी नुसता उंचवटा. मागे पानाफुलांचं कडं आहे, त्याच्या आतलं 'वन रुपी' उजेडात तिरपं धरलं तरच लागतं. सालाचे पहिले दोन आकडे १ आणि ८, पुढचं देवाला माहीत. राणी १८७७ मध्ये 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली, तेव्हा तो शब्द वाचता आला असता तर निदान अलीकडचा की पलीकडचा ते कळलं असतं. तोही गेला.

काट्यावर ठेवला तर ११.२ ग्रॅम भरला. नवा असताना ११.६६ होता, म्हणजे बरोबर एक तोळा. जवळजवळ अर्धा ग्रॅम चांदी कमी. काठ शाबूत आहे, त्यामुळे कोणी कातरलेला नाही. मग ती चांदी गेली कशी? कनवटीला खोचताना, गल्ल्यात टाकताना, सावकाराच्या फरशीवर वाजवून बघताना, आठवडी बाजारात या मुठीतून त्या मुठीत जाताना. ज्यांनी नेली त्यांना आपण काही नेतोय याचा पत्ताही नसणार.

राणी कशी दिसावी, वेल कसा वळावा, अक्षरं कुठे यावीत, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं होतं. ही झीज कोणीच ठरवली नाही. मला त्या रुपयात रस आहे तो तेवढ्याच भागामुळे.

प्रतवारीत त्याची जागा तळाची. अमेरिकेत शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० गुणांची पट्टी काढली, ती आता सगळीकडे चालते. माझ्या राणीला दोन गुण मिळाले तरी पेढे वाटीन.

तुमच्याकडची अशी नाणी दाखवा. फोटो नसला तरी वर्णन चालेल. भाव विचारू नये, ही नम्र विनंती.

रिकामटेकडा

भाव विचारू नये कसं? माझ्याकडे राम-सीता-हनुमान असलेलं १७४० सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं आहे, तांदूळ ओढतं. कितीला जाईल? :)

पाटावरवंटा

@रिकामटेकडा, ओढलेल्या तांदळाचा भात लावा आणि झोपा. (नव्या वाचकांसाठी गंभीरपणे: राम दरबाराचे ते तुकडे म्हणजे देवळाबाहेर विकले जाणारे टंके आहेत, कंपनीने तसलं नाणं कधीच पाडलं नाही. आणि 'तांदूळ ओढणारी' धातू ही निव्वळ फसवणूक आहे, त्यात लोकांची घरं बसली आहेत.)

सराफकट्टा

धागा आवडला. दुकानात बसणाऱ्याच्या नजरेतून थोडं लिहितो.

रुपयात ११ भाग चांदी आणि १ भाग तांबं. शुद्ध चांदी मऊ, चलनात टिकणार नाही म्हणून तांबं. तरीही झिजते. आधी जाते ती उंच जागा: राणीचा गाल, मुकुटाचे मणी, खांद्यावरचा झगा. काठ मुद्दाम वर उचललेला असतो, एकावर एक रुपये रचले की भार काठावर पडतो आणि चेहरा वाचतो. पण काठ एकदा बसला की चेहऱ्याला वाली नाही. अक्षरं काठाच्या आडोशाला असतात म्हणून बहुतेक वेळा चेहऱ्याआधी अक्षरं जात नाहीत. तुमच्या नाण्यावरची अक्षरंही गेली आहेत, म्हणजे हा रुपया खूपच फिरलेला.

लहान नाणी त्याहून जास्त घासतात. पावली म्हणजे पाव रुपया, २.९२ ग्रॅमची, आणि चवली म्हणजे दोन आणे, १.४६ ची. चवली म्हणजे रोजचा व्यवहार, दिवसातून किती हात लागत असतील. हातात येतात त्या चवल्यांवर चेहरा क्वचितच असतो, नुसती चकती असते. रुपया मानाने जपून वापरला जायचा. महिन्याचा पगार मोजक्या रुपयांत व्हायचा तेव्हाची गोष्ट आहे.

तुमच्या फोटोत राणीच्या गालावर बारीक खड्डा दिसतोय. तो झिजेचा नाही, टोचा आहे. आत तांबं भरून वरून चांदीचा पत्रा चढवलेले खोटे रुपये यायचे, म्हणून सराफ टोचून बघायचे. संग्राहक त्याला खोट धरतात. आमच्या आजोबांच्या पिढीत उलट होतं, टोचा असलेला रुपया बघितला की दुसरा सराफ निर्धास्त व्हायचा.

आणखी एक. १९०६ च्या नाणेकायद्याप्रमाणे दोन टक्क्यांपेक्षा जास्त हलका झालेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. ११.४३ ग्रॅमच्या खाली गेला की संपलं. सरकारी खजिन्यात असा रुपया आला की कापून टाकायचे आणि चांदी परत टाकसाळीत. तुमचा चार टक्के हलका आहे. तो कापला गेला नाही कारण खजिन्यापर्यंत पोचलाच नाही.

जुन्या पेठांमधला विनोदही सांगतो. रुपया म्हणजे एक तोळा, ८० रुपये म्हणजे एक शेर. त्यामुळे रुपया वजन म्हणूनही तागडीत पडायचा. 'देताना घासका, घेताना कोरा' असं सराफांबद्दल लोक म्हणायचे. आम्ही नाही हो त्यातले.

उलटतपासणी

सराफकट्टा यांचा प्रतिसाद उत्तम. पण त्यातून धागाकर्त्यांच्या भावनेला सुरुंग लागतो, तो कोणी पेटवत नाहीये म्हणून मी पेटवतो.

आजीच्या डब्यातला रुपया. कबूल. पण डब्यात गेलेलं नाणं झिजत नाही. १९४० मध्ये युद्धाच्या धास्तीने लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरी नेण्याचा सपाटा लावला, इतका की गरजेपेक्षा जास्त नाणी घ्यायला सरकारने बंदी घातली आणि एक रुपयाची नोट परत आणली. १९४१ पासून राणीचे रुपये चलनातून काढले, पाठोपाठ एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचेही. म्हणजे त्यानंतर त्या अर्ध्या ग्रॅममध्ये भर पडलेली नाही. बहुतेक झीज डब्यात पडायच्या आधीची. तुमच्या आजींचा त्यात वाटा शून्य, कदाचित शून्याच्या जरा पुढे.

तुम्ही आजीची आठवण म्हणून जे कुरवाळताय ते परक्यांनी केलेलं आहे. आजीची आठवण हवी असेल तर डब्यातले चांगले रुपये बघा. ते ती जपत होती, म्हणून तर ते चांगले राहिले.

पाटावरवंटा

@उलटतपासणी, सुरुंग नाही लागला. मी 'आजीची आठवण' म्हटलंच नव्हतं, आजीचा डबा म्हटलं होतं.

आजीच्या आठवणींना चांगले रुपये आहेतच, आणि तिचं अख्खं घर आहे. या रुपयाबद्दल जे वाटतं ते परक्यांबद्दलच आहे. समजा १८६२ च्या छापाचा असला तर १९४१ पर्यंत ७९ वर्षं. (१८६२ हे साल पुढे बारा वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळे '१८६२'चा रुपया १८७४ चाही असू शकतो, पण ते असो.) तेवढ्या काळात दोन मोठे दुष्काळ होऊन गेले, १८७६ चा आणि १८९९ चा. प्लेग येऊन गेला. त्या वर्षांत हा रुपया कुठेतरी कोणाच्या तरी हातात होता. कोणीतरी त्याने ज्वारी घेतली असेल, कोणीतरी बैल विकून तो घेतला असेल. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कळणार नाही. माझ्या घराण्याची वंशावळ सात पिढ्यांची लिहिलेली आहे, ती वाचताना मला कधी काही झालं नाही. या रुपयाने होतं.

निंबोणी

झीज परक्यांचीच असते असं नाही हं @उलटतपासणी. माझ्याकडे पणजीच्या पावल्यांची माळ आहे, काळ्या गोफात ओवलेली. प्रत्येक पावलीला वर कडी डाखलेली. पुढून बघाल तर राजा-राणी सगळे ओळखू येतात, दोन एडवर्डच्या, बाकीच्या जॉर्ज आणि राणीच्या. उलटी केली की एकजात गुळगुळीत. एकाही पावलीचं साल लागत नाही. अंगाला लागणारी बाजू आहे ती. घाम, लुगडं, हालचाल, ओझं उचलताना होणारी घासाघास. ती माळ पणजीने लग्नापासून काढलेली नव्हती असं आई सांगते.

ही झीज एका बाईची आहे. तिचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे.

संग्राहकांनी मला दोनदा सांगितलं की कडी डाखल्यामुळे नाण्याची किंमत गेली. सांगणाऱ्यांचा चेहरा अगदी दुःखी होता.

खणनारळ

निंबोणीताई, अंगावर काटा आला.

आमच्या घरची झीज तिसऱ्याच प्रकारची. लक्ष्मीपूजनाचे अकरा रुपये आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंपासून पूजेत. दरवर्षी धनत्रयोदशीला ते घासायचे. आधी राख, मग रांगोळी, मग रिठ्याचं पाणी, मधल्या काळात टूथपेस्टचाही प्रयोग झाला. मग दूध, पाणी, हळदकुंकू, झेंडू. इतक्या वर्षांच्या रांगोळीने राणी आमच्याकडेही पुसत आली आहे. अक्षरांच्या खाचांत मात्र कुंकू इतकं बसलंय की 'रुपी' लाल दिसतं.

आमचा मोठा मुलगा म्हणतो की हे नाण्यांचं नुकसान आहे. बरोबर असेल. पण लक्ष्मी काळी कशी ठेवायची पाटावर?

उलटतपासणी

ही दोन्ही उदाहरणं मला फार आवडली, आणि यातून एक छान गोष्ट निघते: झीज कोणाची ते ओळखता येईल.

बाजाराची झीज दोन्ही बाजूंनी सारखी असते. उंच भाग जातात, खोलगट जागा तशाच राहतात आणि काळपट होतात. कडा मऊ होते. माळेची झीज एकाच बाजूला, आणि कडीच्या खाली थोडी जास्त, कारण नाणं तिथून हलतं. पूजेची झीज भिंगातून बघा. अतिशय बारीक ओरखडे, बहुतेक एका दिशेने किंवा गोल गोल, आणि तेही सपाट मोकळ्या जागेतसुद्धा, जिथे बाजारातला हात पोचत नाही. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती उंच-सखल बघत नाही.

@पाटावरवंटा, तुमच्या रुपयाचा जवळून फोटो टाका ना. मोकळ्या जागेत ओरखडे आहेत का? दिवाळीला आजी तो घासत असतील तर माझा 'शून्य वाटा' जरा वर सरकेल.

पाटावरवंटा

टाकलाय वर. भिंग घेऊन बसलो होतो. राणीच्या समोरच्या मोकळ्या जागेत गोल ओरखडे आहेत. मागच्या बाजूला नाहीत.

उलटतपासणी

मागे नाहीत? मग त्या फक्त चेहऱ्याची बाजू घासत होत्या. पाटावर राणी वर ठेवत असणार.

खणनारळ

अर्थातच राणी वर. ती लक्ष्मी असते त्या दिवशी.

गोदाकाठ

आमच्याकडं मराठवाड्यात राणी उशिरा आली आणि कमीच आली. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्याचं आपलं नाणं, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब माझ्या आजोबांच्या तोंडात होता, रेल्वेनं नगरकडं निघाले की आधी बदलून घ्यायचे. हालीत चांदी पण कमी, शेकडा ८२ च्या जवळपास, वजन ११.१८ ग्रॅम.

माझ्याकडं चारमिनारवाला एक रुपया आहे, असा घासलेला की चारी मिनार गेलेत आणि फक्त मधली कमान राहिलीय. त्या कमानीत एक अक्षर असायचं. महबूब अलीचा असला तर 'मीम', उस्मान अलीचा असला तर 'ऐन'. माझ्या कमानीत कायबी नाही. दार उघडंय, आत कोणी नाही. वडील म्हणायचे, बरंय, निजाम गेला ते कळतंय नाण्यावर.

रझाकारांच्या वेळंला घरातलं सगळं किडुकमिडुक पुरून ठेवलं होतं. हा त्यातला. पुरलेली चांदी काळी होते, झिजत नाही, तेव्हा झीज त्याच्या आधीचीच. उलटतपासणी साहेब, बरोबर ना?

उलटतपासणी

शंभर टक्के.

मांडवीतीर

गोव्यातून हजेरी. आमच्या देव्हाऱ्यात पोर्तुगेज रुपया आहे, 'उमा रुपिया'. लुईस राजाचा, १८८२ चा. साल कसं माहीत, तर घरात दोन आहेत आणि एकाचं वाचता येतं. दुसरा सपाट. राजाची दाढीमिशी पार साफ, आता तो कोवळा पोरगा दिसतो.

गंमत अशी की हा पोर्तुगेज रुपया पाडला कलकत्त्याला, इंग्रजांच्या टाकसाळीत. दोन सरकारांत करार झालेला. वजन आणि चांदी इंग्रजी रुपयाइतकीच. आमच्या घरातले पुरुष मुंबईला कामाला होते, जाताना-येताना दोन्ही रुपये एकाच थैलीत. सपाट झालेल्या रुपियावर आणि सपाट झालेल्या राणीवर अंधारात बोट फिरवलं तर कुठला कोणाचा ते आता सांगता येत नाही. हे मला बरं वाटतं, कारण काय ते विचारू नका.

हडसनपार

न्यू जर्सीहून. इथे 'लो बॉल' नावाचा एक पंथच आहे. हे लोक जाणूनबुजून सर्वांत घासलेलं नाणं शोधतात, आणि १ गुणाचं प्रमाणपत्र मिळालं की नाचतात. अट एकच: इतकं घासलेलं असूनही कुठलं नाणं आणि कुठलं साल हे ओळखता आलं पाहिजे. त्यामुळे पाटावरवंटा यांची राणी तिथेही नापास.

इथलं एक उदाहरण या धाग्यात शोभेल. १९१६ ते १९३० दरम्यानचं चांदीचं क्वार्टर, उभ्या स्वातंत्र्यदेवीचं. त्यावर साल देवीच्या पायाखालच्या पायरीवर होतं आणि तेच नेमकं उंच. बाकी नाणं धड असतानाच साल उडायचं. शेवटी १९२५ मध्ये पायरी खोल केली आणि साल खाली बसवलं. त्याआधीची बिनसालाची क्वार्टर्स इथे डब्यांनी पडलेली असतात.

आता माझा खरा प्रश्न. आईकडे रुपये आहेत, राणीचे आणि जॉर्जचे. ती म्हणते या खेपेला घेऊन जा, माझं काही खरं नाही. पर्समध्ये टाकून आणले तर चालतात का? इतके झिजलेले आहेत की कोणी विचारणार नाही असं तिचं म्हणणं.

सराफकट्टा

@हडसनपार, आणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर न्यायचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. झिजलेलं म्हणून सूट नाही. साल पुसलंय ही सबबही चालणार नाही, राणी १९०१ साली वारली, त्यामुळे तिचं कुठलंही नाणं शंभरीपार. एडवर्डचीही सगळी. पाचव्या जॉर्जचे बहुतेक रुपये १९२२ पर्यंतचे, तेही गेले. १९४० नंतरचे अर्ध्या चांदीचे अजून त्यात बसत नाहीत, पण त्यांचंही नेण्याआधी विचारून घ्या. आईंकडेच राहू द्या, किंवा भावाबहिणीकडे.

हडसनपार

धन्यवाद. आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझा कायदासुद्धा सांगतोय परत ये म्हणून."

तिरपागडं

अर्ध्या चांदीच्या रुपयाचा विषय निघालाच आहे तर त्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. १९४० पासून ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. खोटी नाणी होऊ नयेत म्हणून कडेला मधोमध नक्षीची खाच. जुनी माणसं याला रुपया मानायला तयार नव्हती. आणि खरंच, हा झिजतो तेव्हा देखणा होत नाही. राणीचा रुपया घासला की मऊ, पांढरा, मेणचट उजेड येतो त्याला. हा घासला की पिवळट, रोगट. सहाव्या जॉर्जच्या गालाला कावीळ झालेली असते. माझ्याकडे असे तीन आहेत, आजोबांनी रेल्वेच्या पहिल्या पगारातले ठेवलेले. सोनाराने हातात घेऊन बाजूला सारले. पण आजोबांची नोकरी त्याच वर्षांतली होती, ते काय करणार.

चिंचगूळ

अवांतर: १९११ चा रुपया झिजलेला कोणाकडे आहे का? पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती होता, तो इतका आखूड सोंडेचा काढला की लोकांना डुक्कर वाटला. ओरड झाली, रुपये परत घेतले आणि १९१२ पासून सोंड नीट केली. माझ्या मामांकडचा १९११ चा इतका घासलेला आहे की तिथे ना हत्ती ना डुक्कर, एक फुगवटा आहे. त्यांच्या मते वाद मिटवायची हीच रीत.

रिकामटेकडा

+१, मामांना दंडवत.

आंबेमोहर

सगळं वाचलं. आता माझी अडचण सांगते, आणि कृपया कोणी धावून येऊ नका.

घरी जुने टाक झिजले आहेत. खंडोबा आणि म्हाळसा ओळखू येत नाहीत. धाकटे दीर म्हणतात की घरातले जुने रुपये आटवून नवे टाक करू, बाहेरची चांदी कशाला. भावही इतका वाढलाय. पूर्वी असंच करायचे म्हणे, सध्याचे टाकही पणजोबांनी रुपये आटवूनच केलेले आहेत. मला आधी ते पटत होतं. घरातली चांदी देवाच्या अंगाला लागते, यात वाईट काय? पण काल हा धागा वाचून डबा काढला आणि आता आटवायला नेववत नाही. दिरांना काय सांगू? 'एका फोरमवर लोक म्हणाले' असं सांगितलं तर माझीच आटणी करतील.

सराफकट्टा

आंबेमोहरताई, धंद्याचं सांगतो. ११ भाग चांदीचा रुपया टाकाला चांगला, घडायला सोपा. पूर्वी लोक आणायचेच. पण आता मोडीच्या भावात आणि बऱ्या रुपयाच्या भावात फरक पडतो, तेव्हा निवडून बघा. सगळे सपाट असतील तर मात्र मोडीपेक्षा फार जास्त कोणी देणार नाही, तेव्हा पैशाचा मुद्दा दिरांपुढे टिकणार नाही.

दुसरं, झिजलेले टाक मोडून त्यातच थोडी नवी चांदी घालून नवे करता येतात. रुपयांना हात लागत नाही. टाक मोडायचे नसतील तर ते गंगार्पण करायची रीत काही घरांत आहे.

निंबोणी

आंबेमोहर, मुद्दा लक्षात आला का तुझ्या? टाकही झिजलेत ते हातांनीच. रोज आंघोळ घालून, पुसून. खंडोबाचा चेहरा तुमच्याच घरच्या बायकांनी पुसलाय. रुपये आटवू नकोस असं मी म्हणत होते, आता टाकही आटवू नकोस म्हणते. नवे टाक नव्या चांदीचे कर, जुने शेजारी ठेव.

आंबेमोहर

@निंबोणी, मग देव्हारा मोठा करावा लागेल, तोही खर्च दिरांनाच सांगते. :) पण हे त्यांना पटेल. टाक झिजलाय तो आईंच्या हाताने, हे त्यांना लगेच कळेल. रुपयाचं नसतं कळलं.

गोदाकाठ

पटलं का दिरांना ते कळवा हं.

चिंचगूळ

नाशिककडे जाणारे असतील त्यांनी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणी संग्रहालय आहे ते जरूर बघावं, १९८० पासूनची नाणेशास्त्राची संस्था आहे तिथे. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचंही आहे. दोन्हीकडे नाणी अर्थातच आपल्यापेक्षा बऱ्या अवस्थेत.

खणनारळ

मला एवढंच विचारायचं होतं, आणि सराफकट्टा यांनी स्पष्ट सांगावं. यंदा धनत्रयोदशीला घासू की नको?

सराफकट्टा

नको. रांगोळी, राख, पेस्ट काहीही नको. काळं घालवायचंच असेल तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर रुपये, खायचा सोडा आणि कढत पाणी. काळेपणा म्हणजे चांदीवर बसलेलं गंधक. यात ते गंधक सुटतं आणि चांदी जागेवर राहते, खरडून निघत नाही. पण खाचांतलं कुंकूही बहुधा जाईल, ते आधीच सांगतो.

खणनारळ

मग रांगोळीच.

कुंकू घालवून चकचकीत राणी मला नको. आणि उलटतपासणींनीच लिहिलंय ना, पूजेची झीज वेगळी ओळखू येते म्हणून. सासूबाईंच्या ओरखड्यांवर माझे पडतील. मुलगा नाराज होईल, होऊ दे, पुढे त्याची बायको फॉइल वापरेल.

उलटतपासणी

माझी हरकत नाही, उलट विनंती आहे. घासण्याआधी आणि नंतर वजन करून इथे टाका. एका दिवाळीत किती जाते ते कळेल. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा.

खणनारळ

काटा भाजीचा आहे हो माझ्याकडे. अकराच्या अकरा एकदम ठेवते, चालेल?